सकाळी बोललेला माणूस

टूलबॉक्स टॉक म्हणजे पाळी सुरू होण्याआधी कामगारांशी सुरक्षिततेवर होणारं छोटं बोलणं. त्याचं रजिस्टर कधीही उघडून पाहा, ते भरलेलंच असतं. तारीख, विषय, हजर असलेल्यांच्या सह्या, खाली सुपरवायझरची सही. विषयाच्या रकान्यात ‘पीपीईचा (म्हणजे हेल्मेट-गॉगलसारख्या साधनांचा) वापर’, ‘उंचीवरील काम’, ‘हाउसकीपिंग’ हे शब्द आळीपाळीने येत राहतात. कोण काय बोललं, याला मात्र त्या पानावर जागाच नसते. सुपरवायझरने बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं आणि सही करून कामाला लागायचं, हे गृहीत धरूनच ते पान छापलेलं असतं. रोजच्या या पाच-दहा मिनिटांचं दुखणं त्या नसलेल्या रकान्यात आहे, असं मला वाटतं.

बरीच वर्षं पाळी सुरू होण्याआधी मी माणसांसमोर उभा राहतोय. मेंटेनन्सचे फिटर, कंत्राटी हेल्पर, क्रेनवाले, बाहेरून आलेले वेल्डर, सगळेच असतात. या काळात माझं एक मत पक्कं होत गेलं. आपण सकाळी काय सांगितलं, ते दुपारपर्यंत बरंचसं विसरलं जातं. पण सकाळी चारचौघांत जो एक वाक्य बोलला, तो दुपारी काही चुकतंय असं दिसल्यावर ‘थांबा’ म्हणू शकतो. जो सकाळी गप्प उभा होता, त्याला तेच दुपारी करावं लागतं. मशीनच्या आवाजात, काम घाईला आलेलं असताना, साहेबासमोर, दिवसात पहिल्यांदाच तोंड उघडायचं. ते फार अवघड असतं. म्हणून त्या पाच मिनिटांत माणसांना बोलतं करणं हे मी माझं पहिलं काम मानतो. माहिती देणं त्यानंतर येतं.

२७ मार्च १९७७ रोजी टेनेरिफ बेटावरच्या लॉस रोडेओस विमानतळावर दोन बोइंग ७४७ विमानं धावपट्टीवरच एकमेकांवर आदळली. ५८३ माणसं गेली. विमानवाहतुकीतला आजवरचा सर्वात भीषण अपघात तोच. धुकं होतं, उशीर झालेला होता, रेडिओवरचे निरोप एकाच वेळी येऊन नीट ऐकू आले नाहीत. कारणं अनेक निघाली. माझ्या डोक्यातून जात नाही ती मात्र एकच गोष्ट. उड्डाणासाठी वेग घेतलेल्या विमानात फ्लाइट इंजिनिअरने विचारलं होतं, की ते दुसरं विमान धावपट्टीवरून अजून बाजूला झालं नाही का? कॅप्टनने ठामपणे सांगितलं, झालंय. कॅप्टन म्हणजे कंपनीतला अतिशय ज्येष्ठ, इतर वैमानिकांना शिकवणारा माणूस. विषय तिथेच संपला. शंका खरी होती, वेळेवर आली होती, बोलूनही दाखवली होती. पण ती पुन्हा, चढ्या आवाजात, ‘थांबवा’ अशा शब्दांत आली नाही.

अशा अपघातांनंतर विमानवाहतुकीने हा प्रश्न मुळापासून हाताळायला घेतला. १९७९ साली नासाने भरवलेल्या एका कार्यशाळेतून जो विचार पुढे आला, त्यातून कॉकपिटमधल्या माणसांचं वेगळं प्रशिक्षण उभं राहिलं. हाताखालच्याने शंका कशी मांडायची, ऐकली गेली नाही तर पुन्हा कशी मांडायची, आणि वरच्याने ती ऐकायची कशी, हे त्यात शिकवतात. बोलण्याचासुद्धा सराव करावा लागतो, हे त्यांनी मान्य केलं. वर्कशॉपमध्ये आपण अजून असं धरून चालतो, की ‘काही अडचण असेल तर सांगा रे’ म्हटलं की माणसं सांगतील. नाही सांगत. फ्लाइट इंजिनिअरला जे जड गेलं, ते कालच कामावर आलेल्या हेल्परला सोपं कसं जाईल?

आता प्रत्यक्ष काय करायचं. उभं कुठे राहायचं, इथून सुरुवात आहे. कंप्रेसरच्या शेजारी टॉक घेऊ नये, कुणाला काही ऐकू येत नाही. ऊन माणसांच्या डोळ्यांवर येऊ देऊ नये, ते आपण आपल्या डोळ्यांवर घ्यावं. रांगेत उभं केलं की मागचे दिसत नाहीत आणि कंत्राटी माणसं हमखास मागे जातात. गोल करावा. एवढं पुरे.

विषयाचं मात्र जरा सविस्तर सांगायला हवं, कारण बरेच टॉक तिथेच मरतात. वरून आलेल्या वेळापत्रकात ‘आगीपासून सुरक्षितता’ लिहिलेलं असतं आणि त्या दिवशी आमच्याकडे सकाळपासून संध्याकाळपर्यंत ग्राइंडिंग असतं. अशा वेळी मी ग्राइंडिंगवरच बोलतो. एक डिस्क घेऊन येतो आणि ती हातोहात फिरवतो. प्रत्येकाने तिच्यावर छापलेलं वाचायचं. १८० मिलिमीटरच्या डिस्कवर कमाल वेग सहसा मिनिटाला ८५०० फेरे असा लिहिलेला असतो. त्या वेगाला डिस्कची कड सेकंदाला ८० मीटर धावते, म्हणजे ताशी सुमारे २८८ किलोमीटर. तिचा तुकडा उडाला तर तो साधारण त्याच वेगाने सुटतो. मग १२५ मिलिमीटरचं छोटं ग्राइंडर पुढे करतो. त्याच्या पाटीवर ११,००० च्या आसपास आकडा असतो. दोन्हीकडे मधलं भोक सारख्याच मापाचं, त्यामुळे मोठी डिस्क छोट्या मशीनवर चढते. आड येतं ते फक्त गार्ड, म्हणजे डिस्कवरचं संरक्षक झाकण. ते काढून टाकलं की झालं. आणि त्या मशीनवर तीच कड सेकंदाला १०० मीटरच्या पुढे जाते, जेवढ्यासाठी ती बनवलेलीच नाही.

हा हिशेब मी स्वतः करून दाखवत नाही. दोन आकडे त्यांच्याच तोंडून वाचून घेतो आणि विचारतो, “ही डिस्क याला लावली तर?” गोलातून उत्तर येतं. असाच एकदा विषय निघाला असताना मी पुढचं विचारलं, की मग गार्ड काढायची वेळ येतेच का? बराच वेळ कुणी बोलेना. शेवटी एक वेल्डर म्हणाला, “साहेब, ब्रॅकेटच्या आतल्या कोपऱ्यात गार्ड जातच नाही. वेल्ड तर साफ करायलाच लागतो.” त्याचं म्हणणं सोळा आणे खरं होतं. ड्रॉइंग करणाऱ्याने तो कोपरा असा काढला होता, की आमच्याकडे असलेल्या हत्याराने तो गार्डसकट साफ होऊच शकत नव्हता. ‘गार्ड काढू नका’ हे वाक्य त्याने आयुष्यभर ऐकलं होतं आणि कोपरा तसाच राहिला होता. आम्ही पेन्सिल ग्राइंडर मागवलं. त्याच्या चिंचोळ्या टोकाला तो कोपरा सहज सापडतो. हे हत्यार सगळ्यांनाच ठाऊक होतं. गार्ड का निघतंय, ते तेवढं कुणी विचारलं नव्हतं.

प्रश्न विचारायचा तर तो आजच्या जागेबद्दल हवा. ‘काही प्रश्न आहेत का?’ यावर माना हलतात आणि माणसं पांगतात. ‘आज या कामात हात कुठे अडकेल?’, ‘वरून काय पडू शकतं?’, ‘काल कोणत्या क्षणी जरा भीती वाटली?’ असं विचारलं की माणूस मनाने त्या जागी जाऊन उभा राहतो. आणि विचारल्यावर थांबावं. नुसतं थांबणं सुपरवायझरला फार जड जातं. घड्याळ समोर असतं, प्रॉडक्शनचा फोन येऊन गेलेला असतो, आणि शांतता पसरली की आपणच उत्तर देऊन मोकळं व्हावंसं वाटतं. एकदा आपण उत्तर दिलं की माणसं शिकतात, की गप्प राहिलं तरी चालतं, साहेब सांगतीलच. मी थांबतो. चेहरे बघत राहतो. कुणीतरी नजर खाली घालतो, कुणी शेजाऱ्याकडे बघतो. ज्याच्याकडे शेजारी बघतात, त्याच्यापाशी बहुधा काही सांगण्यासारखं असतं.

एका शटडाऊनमधली सकाळ सांगतो. चढावर जाणाऱ्या कन्व्हेअरचा रोलर बदलायचा होता. इलेक्ट्रिशियनने मोटरचं आयसोलेशन करून, म्हणजे वीज तोडून, कुलूप लावलं होतं, टॅग होता, स्टार्ट बटण दाबून मशीन सुरू होत नाही हेही बघून झालं होतं. लोटोच्या, म्हणजे कुलूप-टॅग लावण्याच्या पद्धतीच्या, कागदावर सगळं जागच्या जागी. मी विचारलं, “मोटर तर बंद झाली. आता बेल्ट आणखी कशाने हलू शकतो?” मामा म्हणून ज्यांना सगळे हाक मारतात ते जुने फिटर नुसते बेल्टकडे बघत राहिले. त्यांच्या मागे झाडू घेऊन उभ्या असलेल्या हेल्परकडे दोघांनी पाहिलं, म्हणून मी त्यालाच म्हटलं, “तू सांग रे, तू तर रोज खाली झाडतोस.” तो आधी लाजला. मग म्हणाला, “वर माल असला की बंद असतानाही बेल्ट मागे येतो साहेब. थोडाच येतो, पण झटक्यात येतो.”

चढावर भरलेला बेल्ट स्वतःच्या वजनाने मागे सरकू नये म्हणून त्याला होल्डबॅक बसवलेला असतो. तो झिजला की बेल्ट घसरू लागतो. मोटरला शंभर कुलपं लावली तरी मालाचं वजन तिथेच असतं. विजेला कुलूप लागतं, वजनाला नाही. दाबाखालची हायड्रॉलिक लाइन, ताणलेली स्प्रिंग, वर अधांतरी राहिलेला काउंटरवेट, ही सगळी त्याच जातीची. होल्डबॅक झिजल्याचं मेंटेनन्सच्या कोणत्याही कागदावर नव्हतं. ते ठाऊक होतं झाडू मारणाऱ्याला, कारण दिवसभर त्या बेल्टखाली तोच असायचा. त्या दिवशी आम्ही बेल्ट आधी रिकामा केला, क्लॅम्प लावून जखडला आणि मगच रोलरला हात घातला. काम उशिरा संपलं. वरून विचारणा झाली, तेव्हा मी त्या हेल्परने काय सांगितलं ते जसंच्या तसं लिहून दिलं.

ऑपरेशन थिएटरमध्येही असंच एक छोटं बोलणं असतं. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली शस्त्रक्रियेसाठी १९ मुद्द्यांची एक यादी पुढे आणली. त्यात, चाकू चालवण्याआधी खोलीतल्या प्रत्येकाने स्वतःचं नाव आणि काम मोठ्याने सांगायचं, असा एक मुद्दा आहे. वरवर फालतू वाटेल. पण एकदा नाव सांगितलेली नर्स पुढे ‘डॉक्टर, एक मिनिट’ असं सहज म्हणू शकते, असा त्यामागचा विचार आहे. आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांत ही यादी वापरून पाहिली, तेव्हा शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आलं. हा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे कॅनडातल्या ऑन्टॅरिओ प्रांतात ती सगळीकडे लागू झाली. तिथल्या १०१ रुग्णालयांचा अभ्यास २०१४ मध्ये आला, आणि त्यात म्हणण्यासारखा फरक दिसला नाही. यादी तीच होती, आणि ती वापरतो असं सांगणारी रुग्णालयं तर जवळपास सगळीच. यावर तज्ज्ञांचे वाद आहेत. मी सुपरवायझर म्हणून त्या बातमीकडे बघतो तेव्हा मला आमचं भरलेलं रजिस्टरच दिसतं. खूण केली म्हणजे बोलणं झालं, असं नसतं.

नव्या चमूबरोबर पहिल्या दिवशी मी नावं घेतो ती यासाठीच. कंत्राटी माणसाला ‘ए हेल्पर’ म्हणून हाक मारायची आणि त्याच्याकडून शंका विचारायची अपेक्षा ठेवायची, हे जमणारं नाही. ज्याची भाषा वेगळी आहे, त्याला त्याच्या भाषेत शेजाऱ्याने सांगावं आणि मग त्याने हाताने करून दाखवावं. मान हलवली म्हणजे कळलं असं मी धरत नाही.

काही बाबतीत मात्र मी विचारत बसत नाही, सरळ सांगतो. बंद टाकीत उतरायचं असेल तेव्हा चर्चेला जागा नाही. हवेत ऑक्सिजन साधारण २०.९ टक्के असतो. तो १९.५ च्या खाली गेला की आत जायचं नाही. लोखंडी टाकी बरेच दिवस बंद राहिली तर नुसता गंजसुद्धा आतला ऑक्सिजन खाऊन टाकतो, विषारी वायू असायलाच हवा असं नाही. आणि हायड्रोजन सल्फाइड असला, तर कुजक्या अंड्यांचा तो वास सुरुवातीला येतो, प्रमाण शंभर पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत शंभर भाग) आसपास गेलं की नाक बधिर होतं आणि वास येईनासा होतो. वास गेला म्हणजे वायू गेला असं समजून माणूस आणखी आत जातो. कामगारांच्या सुरक्षिततेवर संशोधन करणाऱ्या अमेरिकेतल्या नायोश या संस्थेने १९८६ साली एक इशारा दिला होता: अशा जागांमधल्या मृतांपैकी ६० टक्क्यांहून अधिक लोक आत पडलेल्याला वाचवायला गेलेले होते. वाचवायला गेलेले. भला माणूस, मित्र, भाऊ, तोच दुसरा जातो.

म्हणून टाकीच्या कामाच्या सकाळी मी मॅनहोलवर थांबणाऱ्या माणसाला सगळ्यांसमोर एक प्रश्न विचारतो. “आतला माणूस पडला. तुला तो दिसतोय. तू काय करशील?” पहिलं उत्तर बहुतेक वेळा चुकीचं येतं आणि ते अत्यंत माणुसकीचं असतं: “मी उतरून त्याला ओढीन.” मग आम्ही ते बदलून घेतो. ‘मी आत जाणार नाही. मी अलार्म देईन. मी दोरीने आणि ट्रायपॉडने वर ओढीन. मी जागा सोडणार नाही.’ हे तो मोठ्याने म्हणतो, आणि आत जाणारा ते ऐकतो. आत जाणाऱ्याने ऐकणं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. आपण पडलो तर हा मागे उडी मारणार नाही, ही त्यांच्यातली बोली ठरते. वाक्य तोंडातून काढायला माणसांना जड जातं. एकाचे डोळे भरून आलेले मी पाहिलेत, कारण आत जाणारा त्याचा सख्खा भाऊ होता. त्या दिवशी मी भावांच्या जागा वेगळ्या केल्या.

मोठ्याने म्हणण्याचा उपयोग होतो, हे जपानच्या रेल्वेने फार पूर्वी ओळखलं. तिथले चालक सिग्नलकडे बोट दाखवून तो काय आहे ते मोठ्याने म्हणतात. तिथल्या रेल्वे संशोधन संस्थेने १९९४ मध्ये केलेल्या चाचणीत, साध्या कामातल्या चुका दर शंभर कृतींमागे २.३८ वरून ०.३८ वर आल्या. आमच्या माणसांना सुरुवातीला त्याची लाज वाटते. मी व्हॉल्व्ह बंद करताना स्वतः बोट दाखवून ‘बंद’ असं म्हणतो, मग हळूहळू तेही म्हणू लागतात.

माणूस बोलला, की पुढचे काही क्षण आपले असतात. त्यात सगळं जुळतं किंवा सगळं फिसकटतं. कुणी म्हणालं, ‘काल माल उचलायची स्लिंग सटकली होती, थोडक्यात वाचलो’, तर आपल्या तोंडून पहिला शब्द कोणता निघतो? ‘कोण होतं तिथे?’ असं विचारलं की गोलातला प्रत्येक जण मनात दार लावून घेतो. उद्यापासून स्लिंगा सटकायच्या थांबत नाहीत, सांगायच्या थांबतात. मी ‘बरं झालं सांगितलंस’ म्हणतो आणि ‘स्लिंग कुठे आहे, बघू’ म्हणून तिच्याकडे जातो. वस्तूकडे गेलं की माणसावरचा दाब उतरतो. स्लिंगेवर कापल्याची खूण सापडते, धारदार कडेवर पॅकिंग नव्हतं हे कळतं, आणि पॅकिंग का नव्हतं याचं उत्तर स्टोअरमध्ये सापडतं.

‘कोण’ विचारण्याची सवय आपल्याला लागली, तिचाही एक इतिहास आहे. हर्बर्ट हाइनरिक नावाच्या विमा कंपनीतल्या अमेरिकी माणसाने १९३१ साली मांडलं, की एका गंभीर अपघातामागे २९ किरकोळ इजा आणि ३०० इजा न झालेले प्रसंग असतात, आणि ८८ टक्के अपघातांना कामगारांची चुकीची कृती कारणीभूत असते. पहिल्या भागाने लहान प्रसंगांकडे लक्ष वेधलं, हे चांगलं झालं. त्या ८८ ने मात्र फार नुकसान केलं, असं माझं स्पष्ट मत आहे. त्याच्या मूळ नोंदी पुढच्या अभ्यासकांना तपासायला मिळाल्याच नाहीत, तरी तो आकडा पोस्टरवर चढला आणि सुरक्षिततेचं बोलणं म्हणजे कामगाराची कानउघाडणी होऊन बसलं. धोका काबूत आणायचे मार्ग सगळे जण एका क्रमाने शिकवतात: आधी धोकाच काढून टाका, नाहीतर त्याच्या जागी कमी धोक्याचं काही वापरा, नाहीतर गार्ड किंवा इंटरलॉक बसवा, मग सूचना आणि प्रशिक्षण, आणि सगळ्यात शेवटी हेल्मेट-गॉगल. आपला टॉक या क्रमात चौथ्या पायरीवर आहे. जिथे जाळी बसवता येते, तिथे ‘हात सांभाळा’ असं रोज सांगत राहणं मला अप्रामाणिक वाटतं. टॉकने जाळीची जागा घ्यायची नसते, जाळी कुठे हवी ते वरपर्यंत पोचवायचं असतं.

आणि ते पोचवून परत यायचं असतं. माणसाने सांगितलं आणि त्याचं पुढे काही झालं नाही, तर तो दुसऱ्यांदा सांगतो, तिसऱ्यांदा नाही. मी खिशात एक वही ठेवतो. टॉक सुरू करतानाचं पहिलं वाक्य कालच्या बोलण्याबद्दल असतं: पायरीवरची पट्टी बसली, दिव्याचं सामान यायचंय, आणि प्लॅटफॉर्म मोठा करायला नकार आला, कारण हे आहे. नकार आला तर तो सांगायचा. मोठी माणसं आहेत ती, नकार पचवतात. त्यांना पचत नाही ती गप्प बसण्याची पद्धत.

आधीच्या पाळीने काय अर्धवट सोडलंय, हेही याच पाच मिनिटांत यायला हवं. ६ जुलै १९८८ रोजी उत्तर समुद्रातल्या पायपर अल्फा या तेलाच्या प्लॅटफॉर्मवर एका पंपाचा सेफ्टी व्हॉल्व्ह दुरुस्तीसाठी काढलेला होता आणि त्या जागी नुसता ब्लाइंड, म्हणजे तोंड बंद करणारी चकती, लावून ठेवला होता. काम त्या दिवशी संपलं नाही. रात्री दुसरा पंप बंद पडला, तेव्हा ऑपरेटरांनी हाच पंप सुरू करायला घेतला, कारण व्हॉल्व्ह जागेवर नाही हे रात्रपाळीपर्यंत पोचलंच नव्हतं. वायू सुटला, स्फोट झाला, १६७ माणसं गेली. परमिट होतं, कागदावर लिहिलेलं होतं. लॉर्ड कलन यांच्या चौकशी अहवालात १०६ शिफारशी आल्या. त्या चौकशीबद्दल वाचल्यापासून मी जाणाऱ्या पाळीतल्या एकाला आमच्या गोलात थांबवून घेतो. त्याला घरी जायची घाई असते, मला कळतं. तरी दोन मिनिटं तो उभा राहतो आणि काय उघडं आहे, काय काढलेलं आहे, कशाला हात लावायचा नाही, हे स्वतःच्या तोंडाने सांगतो. मी कागद वाचून दाखवला असता तर कुणी उलट प्रश्न केला नसता. त्याला करतात.

अलीकडे मी टॉक घ्यायला इतरांनाच सांगतो. ज्याचं ते काम, त्याने सांगायचं. क्रेनच्या सिग्नलमनला सांगितलं, तेव्हा त्याने आधी नाही म्हटलं, मला बोलता येत नाही म्हणाला. मी म्हटलं, “दादा, बोलू नका, हात करून दाखवा.” त्याने हातांनीच सुरुवात केली. उचल, उतरव, बूम वर, हळू. मग हात आडवा पसरून, तळवा खाली ठेवून पुढे-मागे हलवला: थांब. दोन्ही हातांनी केलं की ताबडतोब थांब. तो म्हणाला, “बाकीचे सगळे इशारे फक्त माझे. ऑपरेटरने दुसऱ्या कुणाचे बघायचे नाहीत. हा एकच असा आहे की कुणीही दिला तरी थांबायचं. नंतर विचारायचं.” क्रेनच्या कामात हा नियम जगभर आहे. ऑपरेटर तिथेच उभा होता, त्याला सिग्नलमनने सगळ्यांदेखत विचारलं, “झाडणाऱ्याने दिला तर?” ऑपरेटर म्हणाला, “थांबणार.” “आणि चुकून दिला असेल तर?” ऑपरेटरने जरा विचार केला. “तरी थांबणार. चुकून दिला होता हे थांबल्यावरच कळेल ना.”

मग त्याने प्रत्येकाकडून तो इशारा करून घेतला. काहींचे हात संकोचाने अर्धेच वर गेले, त्यांना त्याने पुन्हा करायला लावलं, माझ्यासकट. नेहमीपेक्षा वेळ जास्त लागला आणि पहिली लिफ्ट उशिरा सुरू झाली. रजिस्टरमध्ये मी सह्यांच्या खाली जागा करून त्याचा तो प्रश्न आणि ऑपरेटरची दोन्ही उत्तरं लिहून ठेवली, आणि पुढच्या आठवड्याचा टॉक झाडणाऱ्या हेल्परच्या नावावर टाकला. विषय त्यानेच सुचवलाय, कन्व्हेअरच्या खाली कुठे उभं राहायचं नाही हा.